एक स्टॉल, चार माणसं आणि एकच इंजिनिअर : वाशीच्या प्रदर्शनातला मधला दिवस

रबाळे एमआयडीसीतला एक लघुउद्योग. कामगार आणि कर्मचारी मिळून बावीस माणसं. मूळ काम इलेक्ट्रिकल पॅनेल बनवण्याचं. त्याला जोड म्हणून कारखान्यातला वीजवापर मोजून मोबाइलवर दाखवणारी यंत्रणाही ते बनवतात. प्रत्येक फीडरवर, म्हणजे मुख्य पॅनेलमधून एखाद्या विभागाला किंवा मशीनला जाणाऱ्या वीजवाहिनीवर, एक मीटर, मीटरपासून नोंदी साठवणाऱ्या डेटा लॉगरपर्यंत आरएस-४८५ या डेटा-जोडणीच्या दोन तारा आणि लॉगरमधल्या ४जी सिममधून सर्व्हरवर जाणारा डेटा, अशी तिची मांडणी. ही यंत्रणा दाखवण्यासाठी त्यांनी वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात तीन दिवसांच्या तंत्रज्ञान प्रदर्शनात ३ बाय ३ मीटरचा स्टॉल घेतला. स्टॉलवर चार माणसं होती : मालक, एक डिझाइन इंजिनिअर, एक विक्री प्रतिनिधी आणि एक फिटर.

अशा स्टॉलवर वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे, म्हणून उद्योगाचं नाव दिलेलं नाही. तीन दिवसांपैकी मधलाच दिवस निवडण्याचं कारण असं की पहिला दिवस मांडामांडीत जातो आणि तिसऱ्या दिवशी दुपारनंतर लोकांचं लक्ष आवराआवरीकडे लागतं. गाठीभेटी, पाहणी आणि जेवणं यांची खरी ओढाताण मधल्या दिवशीच होते.

स्टॉलवर काय असतं आणि काय नसतं

तयार स्टॉल घेतला की साधारणपणे तीन बाजूंनी पांढरे पॅनेल, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन स्पॉटलाइट, एक प्लग पॉइंट आणि कचऱ्याची बादली मिळते. नऊ चौरस मीटरला बहुतेक ठिकाणी १ किलोवॅटपर्यंतचा लोड गृहीत धरलेला असतो. त्याहून जास्त हवा असेल तर फॉर्म भरून आधी पैसे भरावे लागतात. आयत्या वेळी मिळाला तरी महाग पडतो. पॉइंट ६ अँपिअरचा आहे की १६ चा, हे विचारून घ्यायचं राहून जातं. इथेही तेच झालं. डेमो पॅनेलला १६ अँपिअरचा पिन टॉप होता आणि स्टॉलवर सॉकेट ६ चं. फिटरने पिन टॉप बदलला, काम दहा मिनिटांचं. पण सुटा पिन टॉप त्याच्या पेटीत होता म्हणून दहा मिनिटं. तो नसता तर वाशीत बाहेर पडून दुकान शोधावं लागलं असतं.

तात्पुरत्या सप्लायवर काहीही जोडण्याआधी तीन मापं घ्यावीत : फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन २३० व्होल्टच्या आसपास आणि तिसरं एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. तिसरं माप वाढलेलं दिसलं तर आयोजकांच्या इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, तोवर लॅपटॉपचा चार्जरसुद्धा लावायचा नाही. स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा) आणि एमसीबी (भार जास्त झाला की तोडणारा) एका छोट्या डब्यात बसवून सोबत न्यावा. लोक डेमो पॅनेलमध्ये बोट घालून विचारतात, त्यामुळे उघड्या टर्मिनलवर अॅक्रिलिकचं झाकण हवंच.

माल नेण्याची कागदपत्रंही आधीच तयार हवीत. विक्री नसली तरी माल रस्त्यावर येतो. त्यासाठी जीएसटी नियम ५५ प्रमाणे डिलिव्हरी चलन तीन प्रतींत लागतं : एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिलही (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतं आणि पोर्टलवर त्यासाठी ‘प्रदर्शन किंवा मेळावा’ असा वेगळा पर्याय आहे. रबाळ्याहून वाशी जेमतेम दहा किलोमीटर, म्हणून कागदाचं काय, असं म्हणून छोटा हत्ती तसाच सोडणारे बरेच आहेत. अंतर कमी असलं तरी नियम तोच. परतीच्या प्रवासासाठीही कागद लागतो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो करायला कुणाच्या अंगात त्राण नसतं. परतीचं चलन पहिल्याच दिवशी भरून पाकिटात ठेवावं, तारीख आणि सही तेवढी बाकी ठेवावी.

कागदावरचा दिवस

प्रदर्शनाची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६. मधल्या दिवशी सात बैठका ठरवल्या होत्या, प्रत्येकी पाऊण तासाच्या, हॉलच्या एका कडेला असलेल्या बैठकीच्या जागेत. चार दुपारच्या जेवणाआधी लागोपाठ, साडेदहा ते दीड. मग पाहुण्यांबरोबर सव्वा तास जेवण. पुढच्या तीन पावणेतीन ते पाच. प्रत्येक बैठकीला मालक आणि इंजिनिअर दोघंही. रात्री ८ ला नाशिकच्या एका डीलरसोबत जेवण.

वरवर पाहता दिवस उत्तम भरलेला दिसतो. आता इंजिनिअरचे आठ तास मोजू. सात बैठका म्हणजे सव्वापाच तास, जेवण सव्वा तास. उरला दीड तास. त्यातला पहिला अर्धा तास सकाळी १० ते १०.३०, जेव्हा हॉलमध्ये चिटपाखरू नसतं. म्हणजे लोक स्टॉलवर असताना इंजिनिअर जागेवर असण्याची वेळ फक्त संध्याकाळी ५ ते ६. या यंत्रणेबद्दल अवघड प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारा माणूस चौघांत एकच होता आणि त्याला मालकाने दिवसभर स्टॉलपासून लांब बसवून ठेवलं. पुढे जे जे बिघडलं, त्यातलं बहुतेक इथून सुरू होतं.

आलेखातलं भगदाड

रात्री प्रदर्शन बंद झालं की हॉलचा सप्लाय बंद करतात. चोवीस तास सप्लाय हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो, कारण त्यासाठी फीडर वेगळा ठेवावा लागतो. इथे तो मागितला नव्हता. पहिल्या संध्याकाळी सात वाजता लॉगर बंद पडला आणि सकाळी सप्लाय नऊऐवजी ९.४० ला आला. परिणाम पडद्यावर दिसत होता : आदल्या दिवसाची रेघ सातला तुटलेली आणि मध्ये जवळपास पावणेपंधरा तासांची मोकळी जागा.

सकाळी आलेल्या पहिल्या दोघा-तिघांनी तेच विचारलं, ‘लाईट गेली की तुमचा डेटा जातो का?’ प्रश्न रास्त आहे. खरं उत्तर असं की मीटरला सप्लाय नसेल तर मोजायलाच काही नसतं. सप्लाय आहे आणि फक्त नेटवर्क नाही, अशा वेळी लॉगर डेटा स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि नेटवर्क आलं की पाठवतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कारखानदाराला तो फरक कळणं महत्त्वाचं. विक्री प्रतिनिधीने ‘ते इथल्या सप्लायमुळे झालंय’ एवढंच सांगितलं. ऐकणाऱ्याच्या मनात भगदाड तसंच राहिलं.

यावर सोपा उपाय आहे. पडद्यावर स्टॉलच्या मीटरचा आलेख मुख्य म्हणून ठेवूच नये. रबाळ्याच्या स्वतःच्या कारखान्यातल्या मुख्य फीडरचा, गेल्या तीस दिवसांचा आलेख ठेवावा. त्यात सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा चढ दिसतो, जेवणाच्या सुट्टीतला उतार दिसतो, रविवारी सुद्धा तळाशी राहिलेला वापर दिसतो. हा रविवारचा तळ पाहून कारखानदार खुर्ची ओढून बसतो, कारण त्याच्याकडेही रविवारी काहीतरी चालू असतंच आणि काय ते त्याला माहीत नसतं.

टाँग टेस्टर घेऊन आलेला माणूस

दुपारी १२.२० च्या सुमाराला तुर्भ्याच्या प्लॅस्टिक मोल्डिंग कारखान्यातले एक देखभाल प्रमुख स्टॉलवर आले. पन्नाशीचे, खांद्याच्या पिशवीत स्वतःचा टाँग टेस्टर, म्हणजे तार न कापता तिच्याभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारं हत्यार. डेमो पॅनेलवर २०० वॅटचे दोन साधे बल्ब जळत होते. मीटर दाखवत होता १७.४ अँपिअर, ४ किलोवॅट. त्यांनी बल्बकडे जाणाऱ्या तारेला टाँग टेस्टर लावला : १.७४ अँपिअर.

‘अहो, पॉइंट तुमचा एका किलोवॅटचा. त्यावर चार किलोवॅट कसे चालतील?’

विक्री प्रतिनिधी म्हणाला, ‘साहेब, डेमो आहे ना हा, खरं साइटवर बरोबर येतं.’ मोजमाप विकणाऱ्या स्टॉलवर याहून वाईट उत्तर सापडणार नाही.

आत घडलं होतं ते असं. तारेतला मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देणारी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) ५०/५ ची होती, म्हणजे प्रायमरीत (मुख्य तारेत) ५० अँपिअर वाहिले की सेकंडरीत (मीटरकडच्या बाजूला) ५ येतात. दोन बल्बांचे ४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला १.७४ अँपिअर, सीटीच्या क्षमतेच्या साडेतीन टक्के. मापनाच्या सीटीची अचूकता साधारण ५ टक्क्यांपासून वरच्या प्रवाहाला बांधलेली असते. त्याखाली चूक वाढते आणि आकडा नाचतो. म्हणून फिटरने बल्बची तार सीटीच्या भोकातून दहा वेळा फिरवली. ही पद्धत योग्य आहे. दहा फेऱ्यांमुळे सीटीला १.७४ ऐवजी १७.४ अँपिअर ‘दिसतात’, म्हणजे क्षमतेच्या ३५ टक्के, आणि माप स्थिर येतं. फक्त त्यानंतर मीटरमधलं सीटीचं गुणोत्तर ५०/५ वरून ५/५ करावं लागतं. ते राहून गेलं. पहिल्या दिवशी कुणी टेस्टर लावला नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इंजिनिअर तिथे असता तर एका मिनिटाचं काम होतं. टाँग टेस्टर एकेरी तारेला लावला की १.७४, दहा फेऱ्यांच्या जुडग्याला लावला की १७.४. दोन्ही आकडे पाहुण्याला त्याच्याच हत्याराने मोजू द्यायचे, मग त्याच्यासमोर मीटरची सेटिंग उघडून गुणोत्तर ५/५ करायचं आणि मीटरवर १.७४ येताना दाखवायचं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्यातून सीटी कशी चालते हे हाताने कळलं असतं, आणि सेटिंग चुकल्यावर वीजवापर दहापट दिसू शकतो हेही. साइटवर सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे : सीटी बदलली, गुणोत्तर बदललं नाही.

हे करताना एक दक्षता घ्यावीच लागते. मीटर काढायचा असेल तर आधी सीटीच्या सेकंडरीची दोन टोकं, एस१ आणि एस२, एकमेकांना जोडायची, म्हणजे शॉर्ट करायची. प्रायमरीत प्रवाह असताना सेकंडरी उघडी राहिली तर टोकांवर धोकादायक व्होल्टेज तयार होतं. डेमोतल्या छोट्या सीटीवर हा धोका लहान वाटतो. पण डेमोवर लागलेली सवयच माणूस साइटवर घेऊन जातो, म्हणून स्टॉलवरही शॉर्टिंग लिंकचं टर्मिनल वापरावं.

त्या दुपारी स्टॉल सावरला तो फिटरने. पाहुणे वळून जायला लागले तेव्हा तो पुढे झाला. ‘साहेब, गुणोत्तर राहिलंय सेट करायचं, दहा फेरे मीच मारलेत. आमचे साहेब मीटिंगला गेलेत. नंबर देऊन ठेवा, उद्या सकाळी ते स्वतः फोन करतील.’ पाहुण्यांनी माहितीपत्रकाच्या मागे नंबर लिहून दिला. फिटरने खाली लिहिलं : तुर्भे, मोल्डिंग, ६ मशीन, एचटी कनेक्शन. एचटी म्हणजे उच्चदाब. या चार शब्दांची किंमत पुढे कळेल.

हॉल भरला की नेटवर्क बसतं

पावणेबाराच्या सुमाराला पडद्यावरचं पान उघडेनासं झालं आणि संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होता. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. प्रत्येक स्टॉलवर एक-दोन हॉटस्पॉट धरले तरी शेकडो साधनं या तीन चॅनेलवर बोलतात. फोनमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पर्याय निवडला तर लॅपटॉप ते फोन हा टप्पा सुधारतो. पण फोन ते टॉवर हा दुसरा टप्पा तसाच राहतो, कारण हॉलमधल्या सगळ्या फोनांचा भार त्याच थोड्या टॉवरवर असतो. म्हणून पहिला उपाय केला तरी कधीकधी काहीच फरक पडत नाही आणि माणूस उगाच फोन बदलत बसतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे दोन मीटरची लॅन केबल. लॉगरला इथरनेट पोर्ट असतो. त्याचं स्थानिक पान लॅपटॉपवर केबलने उघडायचं. आकडे जागच्या जागी बदलताना दिसतात, इंटरनेट असो वा नसो. तीस दिवसांचा आलेख आदल्या रात्री लॅपटॉपवर उतरवून ठेवायचा आणि वर कोपऱ्यात ‘काल रात्री ९ पर्यंतची नोंद’ असं लिहायचं. साठवलेला डेटा चालू असल्यासारखा दाखवू नये. विचारणारा एकजण तरी निघतोच. मोबाइल अॅप दाखवायचं असेल तर सकाळी ११ च्या आत दाखवून घ्यावं.

इथे केबल होती, पण रबाळ्यात. इंजिनिअर पाच वाजता मोकळा झाला, त्याची पुढची चाळीस मिनिटं याच्यात गेली. संध्याकाळी स्टॉलवर तो उभा राहिला फक्त वीस मिनिटं.

पाऊण तासाच्या बैठकीत काय होतं

सातपैकी पाच बैठकांत पहिली पंधरा मिनिटं ओळख, कंपनीचा इतिहास आणि चहा यांत गेली. नंतर प्रश्न आले तेव्हा ते जवळपास तेच होते : केव्हीएएच (प्रत्यक्ष कामी न येणारी वीजही धरून मोजलेले युनिट) दाखवतं का, कमाल मागणी (एका वेळचा सर्वांत जास्त भार) वाढायच्या आधी इशारा देतं का, वेळनिहाय युनिट वेगळे काढतं का, सिमचा रिचार्ज कुणी भरायचा, सर्व्हरचं वार्षिक शुल्क किती. केव्हीएएचचा प्रश्न आता सगळ्यांत आधी येतो, कारण महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आहे. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारं प्रमाण) घसरला की तोच माल बनवायला बिलातले युनिट जास्त पडतात. हे उत्तर मालकही देऊ शकत होता. खरं तर ही पाचही उत्तरं एका पानावर छापून देता आली असती.

बैठक वीस मिनिटांत संपवायची असेल तर समोरच्याकडून आठवडाभर आधी एका महिन्याचं वीजबिल मागवावं. करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली भाराची मर्यादा), नोंदलेली कमाल मागणी, पॉवर फॅक्टर आणि वेळनिहाय युनिट हे चार आकडे त्यातून काढून बैठकीला जायचं. बोलणं थेट त्यांच्या कारखान्यावर सुरू होतं. बिल पाठवायला तयार नसलेल्या माणसाला बैठक देऊ नये असं नाही, पण त्याला इंजिनिअर देऊ नये. त्याला मालक आणि चहा पुरेसा आहे.

एका बैठकीत ९० दिवसांच्या उधारीची मागणी आली आणि मालकाने ‘बघू’ म्हणून विषय टाळला. इथे टाळायचं कारण नव्हतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटून वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, अशी तरतूद आता आयकर कायद्यातही आहे. सौम्य शब्दांत सांगावं : ‘साहेब, पंचेचाळीसच्या पुढे गेलं तर तुमच्याच सीएना अडचण येईल.’ खरेदी विभागातल्या लोकांना ही गोष्ट माहीत असते. समोरच्यालाही ती माहीत आहे का, एवढंच ते पाहत असतात.

इतर स्टॉलची पाहणी या दिवशी झालीच नाही. यादी मात्र होती : दोन सीटी बनवणारे, एक एन्क्लोजरवाला, एक ४जी मॉड्यूलचा वितरक. अशी पाहणी सकाळी १० ते ११ मध्ये उरकावी. तेव्हा समोरचाही मोकळा असतो आणि दर, किमान नग, पोहोचवण्याची मुदत यांवर नीट बोलतो. गळ्यातलं ओळखपत्र पालथं करून स्पर्धकाच्या स्टॉलवर ग्राहकासारखं उभं राहण्याची पद्धत सोडून द्यावी. आपण कोण हे सांगून गेलं तर निम्म्या वेळा कामाचं बोलणं होतं, आणि पुढच्या प्रदर्शनात तोंड चुकवावं लागत नाही.

दुपारचं जेवण

दीड ते पावणेतीन या वेळात मालक, इंजिनिअर आणि विक्री प्रतिनिधी तिघंही पाहुण्यांबरोबर जेवायला गेले. स्टॉलवर एकटा फिटर. फूड कोर्टच्या रांगेत पंचवीस मिनिटं गेली, कारण एक ते अडीच सगळा हॉल तिथेच असतो. दूरवरून आलेली मंडळी मात्र जेवणं लवकर उरकून नेमकी दीड-दोनला स्टॉल बघत फिरतात, त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची असते. त्या सव्वा तासात फिटरकडे अकरा जण येऊन गेले. नोंद दोघांचीच झाली.

स्टॉलच्या माणसांनी दोन पाळ्यांत जेवावं : दोघं १२.१५ ला, दोघं पावणेतीनला. इंजिनिअर आणि विक्री प्रतिनिधी कधीही एका पाळीत नकोत. फूड कोर्टपेक्षा डबा बरा. पोळी-भाजी, दही, एखादं केळं. वीस मिनिटांत काम होतं. नऊ चौरस मीटरच्या स्टॉलला मागची खोली नसते, त्यामुळे डबा स्टॉलमध्ये उघडायचा नाही. वास राहतो, तेलाचे हात माहितीपत्रकांना लागतात आणि जेवणाऱ्याला उठवायला संकोचून पाहुणा पुढे जातो. दिवसभर बोलून चारच्या सुमाराला आवाज बसतो, म्हणून कोमट पाण्याचा थर्मास टेबलाखाली ठेवावा. पाहुण्याला दुपारी जेवायला न्यायचंच असेल तर एकाने न्यावं, आणि ते काम मालकाचं.

रात्रीचं जेवण

प्रदर्शन सहाला संपलं, टेबल आठचं. मधले दोन तास नाशिकचे डीलर आणि त्यांचे भागीदार स्टेशनसमोरच्या मॉलमध्ये फिरत होते. आठला सगळे बसले तेव्हा कळलं की भागीदारांना संकष्टी आहे. चंद्रोदय व्हायला अजून तासाहून जास्त वेळ होता. ते कॉफी घेऊन बसले आणि त्यांच्यासाठी बाकीचे पाच जणही स्टार्टरवर रेंगाळले. डीलर जैन होते, त्यांना कांदा, लसूण, बटाटा काहीच चालत नव्हतं, आणि आधी न सांगितल्यामुळे स्वयंपाकघरातून त्यांच्यासाठी दोनच पदार्थ मिळाले. जेवण आवरायला पावणेअकरा झाले.

टेबल सांगण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघायला अर्धं मिनिट लागतं. संकष्टीची चंद्रोदयाची वेळ त्यात छापलेली असते, एकादशी आणि श्रावणही कळतो. पाहुण्यांना दोन दिवस आधी एक मेसेज पुरतो : ‘जेवणात काही वर्ज्य आहे का? जैन, उपवास, काही पथ्य?’ कुणालाही हे विचारलेलं आवडतं. टेबल सातचं घ्यावं, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणजे हार्बरने जाणारे आणि ठाण्याकडे जाणारे दोन्ही पाहुणे नऊला मोकळे होतात. सहापेक्षा जास्त माणसं नकोत, नाहीतर एका टेबलावर दोन मैफली होतात. टीव्ही किंवा स्पीकरच्या खाली बसू नये.

या जेवणाला इंजिनिअरची गरज नव्हती. डीलरचे प्रश्न मार्जिनचे, क्षेत्राचे आणि सुट्या भागांच्या साठ्याचे होते. इंजिनिअर अडीच तास गप्प बसून होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डेमो दुरुस्त करायचं कामही त्याच्याच वाट्याला होतं. दर आणि सूट जेवताना तोंडी सांगू नयेत. भरल्या ताटावर बोललेला टक्का दोन्ही बाजूंना वेगवेगळा आठवतो. ‘उद्या ११ पर्यंत लिहून पाठवतो’ एवढंच बोलायचं आणि पाठवायचं.

बिल कार्डने किंवा यूपीआयने द्यावं. एका दिवसात एकाला १० हजारांहून जास्त रोख दिले तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही, त्यामुळे खर्चाचा अंदाज करसहित धरावा.

सगळ्यांत मोठं नुकसान ताटाबाहेर झालं. दिवसभरातली कार्डं आणि चिठ्ठ्या त्या रात्री कुणी लावल्याच नाहीत.

तिसरा दिवस

सकाळी मालकाने चार बदल केले. तिसऱ्या दिवसाच्या बैठका पाचवरून तीनवर आणल्या, त्यातल्या दोन स्वतः एकट्याने घ्यायचं ठरवलं. इंजिनिअर ११ ते १.१५ आणि ३ ते ५ स्टॉल सोडणार नाही, हे कागदावर लिहून पॅनेलच्या मागे चिकटवलं. रबाळ्याहून लॅन केबल मागवली. आणि डेमोत सीटीशेजारी दोन बाण लावले : एकेरी तारेपाशी ‘इथे मोजा’, दहा फेऱ्यांपाशी ‘आता इथे मोजा’, बाजूला दोरीने बांधलेला स्वतःचा टाँग टेस्टर. लोक थांबायला लागले. विद्यार्थी थांबले, पण कारखान्यातले इलेक्ट्रिशियनही थांबले, आणि जाताना आपल्या साहेबांना घेऊन आले.

नोंदीसाठी अर्ध्या पानाचा फॉर्म केला. नाव आणि फोन सोडून सहाच रकाने : कुठला कारखाना, कनेक्शन एचटी की एलटी (लघुदाब), किती फीडर, आत्ता मीटर आहेत का आणि कुठले, निर्णय कोण घेतं, पुढचं पाऊल काय व कधी. शेवटचा रकाना रिकामा असेल तर फॉर्म अपुरा समजायचा. पाहुणा गेल्यावर पाच मिनिटांच्या आत भरायचा, कारण तिसऱ्या पाहुण्यानंतर पहिल्याचा चेहरासुद्धा आठवत नाही. कार्ड दिलं म्हणून त्याचा नंबर व्हॉट्सअॅपच्या जाहिरात यादीत टाकायचा नाही. त्याने जे विचारलं त्याचंच उत्तर, त्याच संध्याकाळी, एका मेसेजमध्ये जायला हवं.

सकाळी साडेनऊला इंजिनिअरने तुर्भ्याला फोन लावला. फिटरच्या चार शब्दांमुळे बोलणं नेमकं सुरू झालं. ‘सर, काल तुम्ही पकडलंत ते बरोबर होतं. सीटीचं गुणोत्तर सेट करायचं राहिलं होतं. तुमची सहा मशीन एचटीवर आहेत ना? त्यातलं सर्वांत जुनं कुठलं?’ समोरून उत्तर यायला वेळ लागला नाही : जुनं हायड्रॉलिक मशीन, आणि त्याच्या वापराचा त्यांना संशय होताच. ठरलं ते असं : त्या एका फीडरवर तीस दिवस चाचणी.

चाचणीच्या अटी त्याच दिवशी लिहून गेल्या. माल डिलिव्हरी चलनावर, मालकी उत्पादकाची. सिमचा खर्च उत्पादकाचा. रोज सकाळी आठला आदल्या दिवसाचे युनिट, कमाल मागणी आणि पॉवर फॅक्टर देखभाल प्रमुखांच्या फोनवर. पहिल्या दिवशी त्यांच्याच टाँग टेस्टरने मीटरचं माप ताडून पाहायचं आणि दोन्ही आकड्यांवर दोघांनी सही करायची. मशीन बंद ठेवायला ते तयार नव्हते, म्हणून अखंड रिंगऐवजी उघडून बसवता येणारी स्प्लिट-कोर सीटी सुचवली गेली. तिची अचूकता बऱ्याचदा कमी वर्गाची असते, हेही लेखी कळवलं. तार न कापता ती बसते, पण पॅनेलचं दार उघडल्यावर आतली बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) जिवंतच असते. त्यामुळे पाळी बदलतानाची पंधरा मिनिटं मागून घेतली, आयसोलेटर (सप्लाय तोडणारा स्विच) बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली देखभाल प्रमुखांच्या खिशात ठेवायची, मग फिटरने हात घालायचा.